बाई जेवायला गेल्या का?

औषधाच्या दुकानात माणूस औषध घ्यायला येतो, हे साफ खोटं आहे. मी अकरा वर्षं काउंटरवर उभा आहे, मला शिकवू नका. तो 'हो' ऐकायला येतो. मागेल ते मिळावं, पटकन मिळावं आणि मागे उभ्या असलेल्या शेजाऱ्याला काही कळू नये. एवढं केलं की तुम्ही देवमाणूस.

आमच्या दुकानात डिग्री एकट्या बाईंची. भिंतीवर काचेत त्यांचं सर्टिफिकेट आणि त्याच्याखाली त्या स्वतः. त्यांच्यात खोट एकच, त्या विचारायच्या. "कोणासाठी? किती दिवसांपासून दुखतंय? दुसऱ्या कुठल्या गोळ्या चालू आहेत?" साधी डोकेदुखीची गोळी मागणाऱ्यालाही हेच. गिऱ्हाइकांनी त्यांचं नाव 'चौकशी' पाडलं होतं.

"अहो, गोळी मागितली, मुलगी नाही मागितली," एक जण तोंडावर म्हणाला. सगळी रांग हसली. मीही हसलो.

मालक म्हणायचा, "बाई, समोर दुसरं दुकान आहे. तिथे तोंड बंद असतं आणि हात चालू."

बाई ऐकून घ्यायच्या आणि पुढच्याला विचारायच्या, "कोणासाठी?"

एक ते पावणेदोन त्या मागच्या खोलीत डबा खायच्या. लोकांना वेळ पाठ झाली होती. पायरीवरूनच मान आत घालून विचारायचे, "बाई जेवायला गेल्या का?" मी मान हलवली की धाड पडायची. मी कात्री घ्यायचो आणि पट्ट्या कापत सुटायचो, चार इकडे, सहा तिकडे. औषधाचं नाव एका तुकड्यावर जायचं, तारीख दुसऱ्यावर. कोणी कधी तक्रार केली नाही.

त्यातच एक टोपीवाले काका होते. आयुष्यभर गुडघ्यांवर बसून फरशा बसवलेल्या, गुडघ्यांचा पार भुगा झालेला. सव्वा एकला यायचे. आधी समोरच्या खांबाआडून आत बघायचे, मग पायरी चढायचे.

"चार द्या. कालच्यासारख्याच. जोरदार."

'रोज खाऊ नका काका, पोट जळेल' असं मी म्हणायचो का? नाही. खोटं कशाला लिहू? मी म्हणायचो, "आराम पडतोय ना? मग झालं तर." असे आठ महिने. गोळ्या ते तिथेच सोलून झाकण चेपलेल्या एका पत्र्याच्या डबीत टाकायचे आणि पट्टी आमच्याच कचऱ्याच्या टोपलीत. मला वाटायचं, काय नीटनेटका माणूस आहे.

एका सोमवारी बाई उशिरा आल्या. केस विंचरलेले नव्हते. त्यांनी काउंटरवर एक डबी ठेवली.

"दादा, ही कुठली गोळी असेल? बाबांच्या खिशात सापडली. सकाळी काळी उलटी झाली, दवाखान्यात आहेत. डॉक्टर विचारतायत काय खात होते. पोटात जुना अल्सर आहे त्यांच्या, सगळ्या गोळ्या मी स्वतःच्या हाताने देते. अशा गुलाबी गोळ्या दहा कंपन्यांच्या येतात, आणि हिची पट्टी नाही. समोरच्या दुकानात विचारून आले. तो हात वर करतोय."

मी गोळीकडे पाहिलंच नाही. झाकण चेपलेलं होतं.

गल्ल्यावरून मालक माझ्याकडे बघत होता. गप्प बस, डोळेच सांगत होते. गप्प बसलो असतो तर डॉक्टर अंधारात चाचपडत राहिला असता. मी गोळीचं नाव सांगितलं. "रोज चार. आठ महिने."

"तुम्ही पाहिलंत? समोरच्या दुकानात घेताना?"

"समोर नाही. इथेच."

"मी दिवसभर इथेच तर असते!"

"सव्वा एकला यायचे."

त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. डबीचं झाकण लावू लागल्या, ते बसेना.

"माझा डबा तेच भरून द्यायचे," त्या म्हणाल्या. "रोज बजावायचे. काही झालं तरी एकच्या ठोक्याला जेवायला बस, उपाशी राबू नकोस."

डॉक्टरला नाव कळलं, पण उशीर झाला होता. बुधवारी काका गेले.

मालकाने मला काढलं नाही. "झालं ते झालं," म्हणाला. "गिऱ्हाईकच मागत होतं ना?"

पंधरा दिवसांनी बाई परत आल्या. आता डबा आणत नाहीत, एक वाजता काउंटर सोडत नाहीत. आणि कोणाला काही विचारतही नाहीत. लोक खूश आहेत. "बाई सुधारल्या," म्हणतात.

काल एक सुतार आला. खांदा धरून उभा. "जोरदार द्या. कालच्यासारखीच."

माझ्या तोंडून निघून गेलं, "रोज घेताय? किती दिवस झाले?"

तो माझ्याकडे वेड्यासारखा बघत राहिला. "आता तुम्हालाही तो रोग लागला का?" मग माझ्या खांद्यावरून त्याने आत हाक मारली, "बाई, तुम्हीच द्या हो."

मी मागे वळून पाहिलं. वाटलं, आता तरी.

बाईंनी कात्री उचलली.

"किती?" त्यांनी विचारलं.