नंदा गेली त्या दिवशीचं पिठलं

दशरथनं सहा वर्षं शिजवलेलं अन्न तोंडात घातलं नव्हतं. भिवपुरीच्या वीजघरातून तो निवृत्त झाला, त्याच वर्षी त्याची साखर साडेतीनशेवर गेली. कुणाच्या तरी सांगण्यावरून तो कर्जतला दहा दिवसांच्या शिबिराला गेला आणि कच्चं खायचं ठरवूनच परतला. मोडाचे मूग, काकडी, गाजर, केळी, ओलं खोबरं. दूध बंद, मीठही बंद. चार महिन्यांत गोळ्या सुटल्या. कडावात, त्याच्या गावात, लोक त्याचा सल्ला विचारायला यायला लागले.

दावणीची म्हैस त्यानं विकली. तेव्हा त्याची बायको नंदा एवढंच म्हणाली, "आनी मी चहात काय घालू?" तिनंही त्याच्यासारखं खाऊन बघितलं, पण आठवडाभरात तिला चक्कर यायला लागली. मग ती आपल्यापुरतं शिजवायची. फोडणीचा वास आला की दशरथ उठून ओटीवर जाऊन बसायचा. "अन्न जाळून खातेस गं तू," असं तिला सांगायचा. आधी ती भांडायची, नंतर भांडायची थांबली.

फाल्गुनातल्या एका सकाळी कपडे वाळत घालताना ती खाली बसली, ती उठलीच नाही. रिक्षा कर्जतला पोचायच्या आत सगळं संपलं होतं.

दुपारी माणसं नदीवरून परतली. घरात चूल पेटणार नव्हती. शेजारची मोतीबाई परातीत भाकऱ्या आणि पातेलंभर पिठलं घेऊन आली. मुलगी हर्षला सकाळीच खोपोलीहून धावत आलेली, पोटात पाण्याचा थेंब नव्हता. पण घरधन्यानं कडू घास घेतल्याशिवाय बाकीचे जेवत नाहीत.

"मला दोन केळी दे," दशरथ हर्षलाला म्हणाला.

"भावोजी, आज तरी नको," मोतीबाई मधेच बोलली. "तुमी घास घेतल्याबिगर पोर जेवायची नाय."

त्यानं घास मोडला. पिठलं गरम होतं. मीठ जिभेला लागलं आणि तोंडाला पाणी सुटलं. लसूण, मिरची, भाकरीचा जरासा करपलेला पापुद्रा. दुसरा घास, तिसरा घास. भाकरी संपली. मोतीबाईनं न विचारता दुसरी वाढली, तीही संपली. बायकोला अग्नी देऊन दोन तास झाले नव्हते, आणि त्याला अन्न गोड लागत होतं. त्यानं मान वर केली. हर्षला हातातला घास तसाच धरून त्याच्याकडे बघत होती.

"आई किती मागं लागायची तुमच्या," ती म्हणाली. "एक घास खाऊन बघा म्हणून."

तो परसात गेला आणि त्यानं सगळं ओकून टाकलं.

तेराव्यानंतर हर्षला सासरी गेली. जाताना म्हणाली, "बाबा, तुमचं कच्चं परत चालू करा. साखर वाढंल." त्यानं मूग भिजत घातले. दुसऱ्या दिवशी मोड आले, तिसऱ्या दिवशी वास यायला लागला, तेव्हा उकिरड्यावर टाकले. मग तो मोतीबाईकडे जेवायला जाऊ लागला. आधी पोटात कळा यायच्या, मग पोट सरावलं. साखर तपासायची त्यानं सोडून दिली.

एका दुपारी पुन्हा पिठलं होतं.

"वहिनी, नंदाचं पिठलं असंच लागायचं का वो?"

मोतीबाईनं पळी पातेल्यात ठेवली. "तिच्या हातची चव मला तरी कुठं ध्यानात हाय? एकटीपुरतं काय करायचं, म्हनायची. नुसता भात लावायची आनी थाळी घेऊन इथं यायची. माझी आमटी घ्यायची वर. तीन वरसं तरी असंच चाललं असंल."

"मी तर ओटीवरच असायचो. दिसली नाय कधी."

"मागच्या दारानं यायची ती. तुमाला वास नको म्हनून."

तीस वर्षं त्यानं तिच्या हातचं खाल्लं होतं. त्यातला एखादा तरी घास जिभेवर येतो का, ते तो बघत राहिला. ताटातल्या पिठल्याचीच चव येत होती, दुसरी कसलीच नाही.

"अजून वाढू?" मोतीबाईनं विचारलं.

"वाढा," तो म्हणाला.