चांच्याच्या डोक्यावरचं टिंब

मित्रांनो, क्षणभर डोळे मिटा आणि माझ्याबरोबर एक कल्पना करा. तुम्हाला हात नाहीत, पाय नाहीत, राहायला घरही नाही. कुणी तोंड उघडून तुम्हाला उच्चारलं, की तुम्ही जिवंत होता. ते तोंड मिटलं, की पुन्हा अंधार. मी असाच जगत आलो आहे. मी एक जुना शब्द आहे. माझं नाव चांचा. समुद्रावर गलबतं लुटणाऱ्या माणसाला माझ्या नावानं ओळखतात.

माझा जन्म कुठे झाला, हे मला सांगता येणार नाही. स्वतःचा जन्म कुणाला आठवतो? काही जण म्हणतात, गुजरातच्या किनाऱ्यावर चांच नावाचं ठिकाण आहे, तिथल्या दर्यावर्दी लुटारूंवरून मी आलो. जुन्या मराठीत चांच म्हणजे चोच, म्हणून कुणी मला पक्ष्यांच्या घरात नेऊन बसवतं. मला स्वतःला वाटतं, माझं ‘चंचल’ या शब्दाशी नातं असावं. चंचल म्हणजे एका जागी न ठरणारा, भटका. पण मला वाटतं म्हणजे ते खरं, असं समजू नका. आवडणं हा काही पुरावा नव्हे.

पनवेलच्या खाडीतून मीठ आणि तांदूळ भरलेले मचवे जात-येत, तेव्हा मला फार काम असे. ते काम मला आवडत नव्हतं. ‘चांचे आले’ एवढे दोन शब्द कानावर पडले, की माणसांचे चेहरे पांढरे पडत. मला प्रेमानं कुणी कधी उच्चारलं नाही.

पुढे लुटारू गेले आणि माझ्यातली भीतीही हळूहळू ओसरली. खाडीकाठच्या गावांत आया आपल्या उनाड पोरांना माझ्या नावानं हाका मारू लागल्या. घरात न टिकणारं, दिवसभर चिखलात हुंदडणारं पोर म्हणजे चांच्या. माझ्या आयुष्यातले ते सर्वांत चांगले दिवस.

त्यानंतर लिहिण्याचे नियम बदलले. ज्याचा उच्चार होत नाही ते टिंब लिहू नये, असं ठरलं आणि पुस्तकांत माझ्या डोक्यावरचं टिंब गेलं. मी चाचा झालो. खाडीकाठची माणसं मला अजून नाकातूनच म्हणत, पण ते पुस्तकांना कोण सांगणार? हिंदीतल्या चाचाशी, म्हणजे काकाशी, मी हुबेहूब दिसू लागलो. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

आता पनवेलजवळच्या कामोठ्यातली गोष्ट सांगतो. तिथल्या जुन्या गावात भगवान राहतो. आजोबा झालेला माणूस आहे, पण मी त्याच्याहून वयानं फार मोठा, म्हणून त्याला अरेतुरे करतो. लहानपणी तो शेतातून पळून खाडीत जायचा आणि तिन्हीसांजेला गुडघाभर चिखल घेऊन परतायचा. पकडलेल्या चिंबोऱ्यांपैकी, म्हणजे खेकड्यांपैकी, निम्म्या आधी मित्राच्या, काशिरामच्या घरी टाकायचा. काशिरामची आई चुलीपासूनच म्हणायची, “आला बग चांच्या.” मग त्याला जेवू घालायची. आई गेली, शेतांच्या जागी इमारती आल्या, गावातला जो तो शेठ झाला. काशिराम मात्र भगवानला आईनं दिलेल्या नावानंच हाक मारत राहिला. शेवटी तर असं झालं, की मला मायेनं म्हणणारं ते एकच तोंड उरलं.

भगवानची नात दिपिका सातवीत आहे. तिला क्लासमधून घरी न्यायला भगवान रोज संध्याकाळी यायचा. सोबतीला काशिराम असायचाच. समोरच्या मेडिकलच्या पायरीवर दोघं बसत. भगवान जरा पाय मोकळे करायला कोपऱ्यापर्यंत गेला, की काशिराम ओरडायचा, “ओ चांच्या, सुटली रं तुझी पोर!”

एके दिवशी क्लासच्या अवधूत सरांनी वर्गात जहाज पळवल्याची एक बातमी वाचायला दिली. त्यात ‘समुद्री चाचे’ असं होतं. दिपिकाच्या वर्गातल्या वरदनं विचारलं, “सर, समुद्रात कोणाचे काका असतात?” सगळे हसले. सरही हसले आणि मग त्यांनी फळ्यावर लिहिलं, चाचा म्हणजे समुद्रावरचा लुटारू. त्यांचं काही चुकलं नव्हतं. कोशात माझा तेवढाच अर्थ आहे.

क्लास सुटला आणि नेहमीची हाक आली. वरदनं कान टवकारले. “दिपिका, तुझे आजोबा पायरेट? मग डोळ्यावर पट्टी का नाही बांधत?”

दिपिका आजोबांचा हात ओढत भराभर निघाली. घराजवळ आल्यावर ती आजोबांना म्हणाली, की काशिरामबाबांना सांगा, ते नाव घेऊ नका, त्याचा अर्थ चोर होतो. भगवाननं वाद घातला नाही. शिकलेली नात सांगते म्हणजे तसंच असणार, असं त्याला वाटलं. दुसऱ्या दिवशी त्यानं पायरीवर बसूनच काशिरामला ते सांगितलं.

काशिरामनं तोंड रस्त्याकडे वळवलं. मग म्हणाला, “मंग माझी आय चोराला जेवू घालायची काय?”

त्या दिवसापासून तो ‘रामराम, भगवानशेठ’ म्हणू लागला. मी त्याच्या जिभेच्या टोकापर्यंत जायचो आणि तो ओठ मिटून मला गिळायचा. दोघं पायरीवर बसत, पण मधे एका माणसाची जागा सोडून. काही दिवसांनी काशिराम यायचाही थांबला.

मित्रांनो, मला लुटारू म्हणून ओळखतात याचं दुःख नाही, तो माझा खरा अर्थ आहे. पण कोशातला अर्थ वाचलात, की लगेच माणसावर चिकटवू नका. तो शब्द कोणी कोणाला म्हटला, कशासाठी म्हटला, हेही विचारा.

दिपिकानं ते विचारलं. उशिरा विचारलं, पण विचारलं. काशिरामबाबा का येत नाहीत, असं तिनं विचारल्यावर भगवाननं तिला चिंबोऱ्यांची, चुलीची सगळी हकीकत सांगितली. ऐकताना ती एकदाही हसली नाही. सकाळी ती काशिरामच्या घरी गेली आणि त्याला संध्याकाळी यायला लावलं.

क्लास सुटला तेव्हा काशिराम एकटाच पायरीवर बसला होता. भगवान कोपऱ्यावर पाठमोरा उभा होता. काशिराम आलाय हे त्याला माहीत नव्हतं. दिपिका रस्ता ओलांडून काशिरामजवळ गेली. “बाबा, मारा ना हाक. पहिल्यासारखी.”

काशिरामनं मान हलवली. “नाय गो बाय. आता त्यो शब्द तोंडात येत नाय.”

मी तिथंच होतो. मलाही खरंच येता येईना.

मागे क्लासच्या दारात सगळी मुलं चपला घालत होती. वरदही होता. दिपिकानं एकदा त्यांच्याकडे बघितलं. मग दोन्ही हात तोंडाभोवती धरले आणि कोपऱ्यापर्यंत पोचेल अशी हाक मारली, “ओ चांच्याआजा! काशिरामबाबा थांबलेत!”

अगदी नाकातून. टिंबासकट.