न चोरलेली विळी

मित्रांनो, मी एक जुनी, घडीची विळी आहे. ग्वाल्हेरच्या जयेंद्रगंजात, सुलोचनाबाईंच्या स्वयंपाकघरात माझी हयात गेली. स्वभावानं मी संशयी. माझ्यावर कोण बसतंय, नारळ कोणाच्या हातात आहे, सगळ्यांवर माझी नजर असते.

माझं पातं धापूनं घडवलं. धापू गाडिया लोहारीण. गल्लीच्या तोंडाशी फुटपाथला लागून तिची गाडी, तिथंच भट्टी नि तिथंच घर. त्यांच्यात नवरा सांडशीनं लोखंड धरतो आणि घण बायको घालते. दर नवरात्रात मी तिच्याकडे धारेला जायची. पहिल्यांदा वाटलं, ही बया माझं पातं बदलून भलतंच बसवणार! पण छे, अशी धार लावली की काकडीच्या पातळ चकत्या पडायला लागल्या. गल्लीला मात्र तिचं काम हवं, ती नको. ती दिसली की लोक दारातल्या चपला आत घ्यायचे.

यंदा रस्त्याच्या सुशोभीकरणाचा एक कागद घरोघर फिरत होता. 'लोहारांचा त्रास होतो, त्यांना हलवा' आणि खाली सह्या. सुलोचनाबाईंचे यजमान जयसिंहराव सही करेनात. "त्यांच्या वाडवडिलांनी तलवारी घडवल्या, आमच्यांनी चालवल्या. मी नाही करायचा," म्हणाले. गल्लीत शब्द त्यांचाच, त्यामुळे कागद अडला.

खंडेनवमीच्या सकाळी धापू मला दारातूनच देऊन गेली. "बाई साब, उँगली सँभालना," एवढंच बोलली. रावांनी मला घराण्याच्या तलवारीशेजारी मांडून हळदकुंकू वाहिलं. पूजेतल्या लोखंडानं त्या दिवशी काही चिरायचं नसतं, म्हणून तलवारीबरोबर मलाही लाल कापडात बांधून संदुकीत ठेवलं. आणि साफ विसरले!

दसऱ्याला कोशिंबिरीसाठी विळी मिळेना. सुलोचनाबाई कडाडल्या, "अहो, धापूच घेऊन गेली! और कौन आया था यहाँ?" अगं बाई, ती तर उंबऱ्याच्या आतही आली नव्हती! मी संदुकीतून सगळं ऐकत होते, पण लोखंडाचं ऐकतो कोण? रावांनी तो कागद मागवून सही केली आणि वर स्वतःच्या अक्षरात लिहिलं, 'चोऱ्या होतात.'

आठवड्याभरात गाडी उठवली. जाताना धापूनं दार ठोठावलं. "बाई साब, मैंने क्या चुराया, इतना तो बता दो." दार कोणी उघडलं नाही.

दिवाळीच्या साफसफाईत नात शिखानं संदूक उघडली. "आजी, विळी तो यहीं थी! सगळ्यांना सांगून येऊ?"

"चुप! कोणाला काही सांगू नकोस. लोक काय म्हणतील?" सुलोचनाबाईंचा चेहरा उतरला होता. राव मान खाली घालून बसले. मला रद्दीत गुंडाळून माळ्यावर टाकलं. इथं मला गंज चढतोय आणि या घराची मला लाज वाटते.

मित्रांनो, वस्तू हरवली तर आधी आपलं घर शोधा. आणि सापडली, तर चोरी झाली म्हणून जेवढ्या मोठ्यानं ओरडला होतात, तेवढ्याच मोठ्यानं सापडली म्हणून सांगा. आमच्या गल्लीत धापू अजून चोर आहे.