वॉर्डाची परीक्षा

"अहो मामा, पळताय कशाला? नेहमीसारखं काम करा म्हटलं ना मी?"

सिस्टरांनी घड्याळ धरलेला हात खाली केला. वॉर्डमामा तोवर जिन्याच्या वळणावर पोचलेही होते. एरवी तिसऱ्या हाकेला "आलो" म्हणणारे मामा आज एका पेशंटची एकच फाईल छातीशी धरून बिल काउंटरकडे धावत सुटले होते.

पुरुषांच्या वॉर्डाच्या इन्चार्ज असलेल्या सिस्टरांनी उतारवयात आरोग्य व्यवस्थापनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला नाव घातलं होतं. त्यानं पगार वाढणार नव्हता, आणि निवृत्तीही दाराशी येऊन ठेपली होती. पण तरुणपणी घरच्या अडचणींपायी शिक्षण अर्धवट सुटलं, ती सल काही जात नव्हती. आता फक्त प्रबंध उरला होता. विषय त्यांनी स्वतःच्या वॉर्डातूनच उचलला. सकाळच्या राउंडला डॉक्टर 'घरी सोडा' म्हणून जातात आणि माणूस संध्याकाळपर्यंत मांडीवर पिशवी घेऊन कॉटवर बसून राहतो, तो का?

कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. घरी जाणाऱ्या सगळ्यांच्या फाईली जमेपर्यंत थांबायचं आणि दुपारची जेवणं उरकली की गठ्ठा करून खाली न्यायचा, अशी वॉर्डाची जुनी पद्धत होती. ती कोणी पाडली, कोणालाच ठाऊक नव्हतं. मामांचे गुडघे दुखायचे, लिफ्ट पेशंटसाठी राखलेली, एका फेरीत काम भागायचं. सिस्टरांनीही वर्षानुवर्षं त्याच गठ्ठ्यावर सह्या केल्या होत्या. आता तो उशीर मोजून कागदावर मांडला की प्रबंध झालाच म्हणायचा. पण त्या मोजायला उभ्या राहिल्या आणि उशीरच गायब झाला.

मामा घाम पुसत वर आले. "गेला बघा पेशंट, जेवणाची गाडी यायच्या आत."

"पण हे का करताय तुम्ही?"

"का म्हणजे? तुम्ही एवढ्या वयात परीक्षेला बसलात. तुमच्या अभ्यासात आपलाच वॉर्ड नापास होऊ देऊ होय आम्ही?"

मागे उभ्या असलेल्या दोघी नर्सनी माना डोलावल्या. त्यांनी तर उरलेली औषधं परत करायची चिठ्ठी आदल्या दिवशीच लिहून ठेवली होती. उशीर कमी दिसला की सिस्टरांना मार्क जास्त, असं या मंडळींनी परस्पर ठरवून टाकलं होतं. यांना रागवावं की यांच्या गळ्यात पडून रडावं, तेच सिस्टरांना कळेना.

"अहो, वॉर्ड नापास झाला असता तर मी पास झाले असते."

मामा विचारात पडले. "मग उद्यापासून बसवून ठेवू का पेशंटला?"

"खबरदार."

सिस्टरांचे मार्गदर्शक त्यांच्या मुलाच्या वयाचे. आकडे पाहून त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मॅडम, तुमच्या प्रबंधात आता प्रश्नच उरला नाही."

"पेशंटचा तर सुटला ना, सर?"

"तुम्ही समोर उभ्या होतात म्हणून. तुमची पाठ फिरल्यावर काय होतं, ते शेवटच्या प्रकरणात यायला हवं. पुन्हा गठ्ठा बांधायला लागले असतील, तर सगळा अभ्यास नव्यानं करावा लागेल. म्हणजे पुढच्या वर्षी."

पुढच्या वर्षी सिस्टरांना वॉर्डच नसणार होता.

"तुझी पदवी राहिली तरी माझी झाली की," नवरा गॅस बारीक करत म्हणाला. "तुझ्या प्रबंधापायी मी सगळा स्वयंपाक शिकलो."

"थट्टा नको. मला खोटं लिहायचं नाहीये."

"मग रजा टाक आणि खरं काय ते बघून ये. पण गणवेशात जाऊ नकोस."

सिस्टरांनी मोठी रजा टाकली. फाईल खाली कधी पोचली, ते काउंटरच्या शिक्क्यांवरून नंतर कळणारच होतं. पण त्यांना डोळ्यांनी बघायचं होतं. रजा संपत आली तशा एका सकाळी त्या घरच्या कपड्यांत, तोंडाला मास्क लावून, वॉर्डाबाहेरच्या बाकावर नातेवाइकांत जाऊन बसल्या. 

शेजारच्या बाईनं विचारलं, "तुमचं कोण आहे आत?"

सिस्टरांनी मास्क सारखा केला. "ओळखीचे आहेत."

"आमच्या ह्यांना आज घरी सोडतायत. काल म्हणालेच होते, डॉक्टर आत्ता पक्कं सांगून गेले. शेजारीण म्हणाली, सोडेपर्यंत संध्याकाळ होते, डबा घेऊन जा. म्हणून आणलाय."

तेवढ्यात मामा बाहेर आले. हातात एकच फाईल. मागून नर्सनं हाक मारली, "मामा, दुसरी पण होतेच आहे, दोन्ही बरोबर न्या की."

"नको. ही झालीय ना? मग जाऊ दे ही."

आणि कठडा धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत मामा खाली गेले. आज ते धावत नव्हते. बघायला कोणी नव्हतंच. काही वेळानं ते वर आले आणि दुसरी फाईल घेऊन पुन्हा तसेच उतरले.

सिस्टरांचे डोळे भरून आले. शेवटचं प्रकरण आता त्यांना ताठ मानेनं लिहिता येणार होतं. इतका आनंद त्यांना बऱ्याच वर्षांत झाला नव्हता. आणि त्या आनंदात कुठेतरी टोचतही होतं. त्यांच्यावाचून कोणाचं काही अडलं नव्हतं. 'सिस्टर कधी येणार' असं एकदा तरी कोणी म्हणेल, म्हणून त्या कान देऊन बसल्या होत्या. सगळे आपापल्या कामात होते.

जेवणाची गाडी यायच्या आतच बाकावरच्या बाईला बोलावणं आलं. न उघडलेला डबा सावरत ती आत गेली आणि नवऱ्याच्या चाकाच्या खुर्चीबरोबर बाहेर आली. खुर्ची मामा ढकलत होते. बाकापाशी वाट अरुंद होती.

"बाई, पाय जरा आत घ्या," मामा तिकडे न बघताच म्हणाले.

सिस्टरांनी निमूटपणे पाय आत घेतले.