चिकटवलेला अंक

गेणूनं डाव्या हातानं बॉक्सिंगच्या मासिकाची पानं उलटली, शेवटाला पोचला आणि पुन्हा पहिल्यापासून उलटायला लागला. उजवा हात मांडीवर पडून होता. शिमग्याच्या आदल्या दिवशी अर्धांगाचा झटका आला, तेव्हापासून तो तसाच.

"यात लढत कुठं हाय?" तो म्हणाला. शब्द घसरत होते, पण तिखटपणा शाबूत होता. "नुसत्या बुटाच्या जाहिराती."

समोर बसलेला शेजारी सावळीराम ओशाळला. मासिक नवंकोरं होतं. त्याच्या पोरीनं, छायानं, पुण्याहून गेणूकाकांसाठी मुद्दाम आणलेलं. कागद गुळगुळीत, फोटो रंगीत, पण एका लढतीला मेली अर्धं पान जागा. जुन्या अंकांत एकेक फेरी साग्रसंगीत लिहिलेली असायची, कुणी कुणाला कुठं हाणला, कोण कधी गुडघ्यावर आला, सगळं. तरी सावळीरामनं नेट सोडला नाही. पुढं होणाऱ्या एका लढतीचं पान त्यानं काढलं आणि म्हणाला, लाव पैज, पूर्वीसारखी. हरेल त्यानं दुसऱ्याच्या बागेला पावसापर्यंत पाणी भरायचं.

"आबा, ती लढत होऊन गेली," छाया सहज बोलून गेली. "मी कॉम्प्युटरवर निकालसुद्धा पाहिला."

पैज तिथंच बारगळली. बाहेर गेणूचे गुलाब वाळत होते. चांगुणा एकटी नवऱ्याची उठबस करणार की वाफे धरणार? गडी लावू म्हटलं की गेणू जेवणाचं ताट सरकवायचा. सावळीरामनं आपणहून दोनदा विचारलं होतं. दोन्ही वेळा उत्तर एकच, माझं पाणी मी भरीन. अजून आठ दिवस असंच गेलं असतं तर बाग हातची गेली असती, आणि बागेमागं गेणूही उरला नसता, हे सावळीरामला पक्कं ठाऊक होतं.

"भाऊजी, त्यांना तुम्हीच ओळखता," दारापर्यंत आलेली चांगुणा एवढंच म्हणाली.

सावळीराम घरी न जाता तसाच बस धरून देवळाली कॅम्पात गेला. जुने अंक तिथल्या भागीबाईच्या रद्दीच्या दुकानातून यायचे. कॅम्पातल्या साहेबांच्या बंगल्यांतून ते किलोनं तिच्याकडं येत.

गेणू फौजेतला. पलटणीकडून बॉक्सिंग खेळला, नाकही तिथंच मोडून घेतलं. पेन्शनीवर मखमलाबादला आला आणि सावळीरामच्या बांधाला लागून त्यानं गुलाब लावले. एक्क्याण्णव साली सावळीरामची बायको गेली. छाया तेव्हा सहा वर्षांची. पहाटे फुलबाजार गाठायचा की पोरीच्या वेण्या घालायच्या, काही मेळ बसेना. गेणू म्हणाला, तुझी फुलं मी नेतो. सावळीरामनं त्याला झिडकारलं. कुणाचे उपकार घ्यायचे म्हणजे त्याला ताप यायचा. त्याच महिन्यात गेणूनं हे मासिकांचं खूळ काढलं.

लागोपाठचे दोन अंक तो आणायचा. पहिल्यात लढतीची चर्चा, दुसऱ्यात निकाल. दुसरा अंक खाकी कागदात गुंडाळून खळीनं चिकटवलेला. आठ दिवस पहिल्या अंकावरून भांडण चाले. गेणू आपल्या फौजी इंग्रजीत वाचायचा, सावळीराम फोटोंवरून मत ठोकून द्यायचा. मग एकेक गडी निवडायचा आणि रविवारी पुडकं फोडायचं. जाणकार म्हणून पहिली निवड गेणूची. हरेल त्यानं महिनाभर दोघांची फुलं बाजारात न्यायची.

सात वर्षं गेणूच हरला. पहाटे त्याची एम-एटी गाडी दोघांच्या टोपल्या घेऊन निघायची आणि सावळीराम घरी पोरीच्या रिबिनी बांधायचा. त्यावर जिंकल्याचा तोरा काय वर्णावा! भर पारावर म्हणायचा, नाक मोडलं तरी याला अक्कल नाही आली. गेणू मान खाली घालून हसायचा. पुढं छाया सायकलनं शाळेत जायला लागली, त्या साली गेणू म्हणाला की आता अंक मिळत नाहीत. खेळ संपला.

भागीबाई थकली होती, पण गेणूचं नाव काढताच तिनं ओळखलं. त्याच्या दुखण्याचं कळल्यावर चुकचुकली. मग माळ्यावरून तिनं गठ्ठाच काढला. अंक तर अगदी परवापर्यंत येत होते, म्हणाली. त्यातले लागोपाठचे दोन काढून तिनं धूळ झटकली आणि एक स्टूल पुढं सरकवलं.

"ते इथंच बसायचे. निकालाचा अंक आधी वाचून काढायचे, मग माझ्याकडून खळ घेऊन चिकटवायचे. मी म्हणायची, हा बाबा मित्राला पुरता नागवणार." ती हसली. "किती वेळा जिंकले हो तुमच्याकडून?"

सावळीराम स्टुलावर बसला. सात वर्षांच्या पहाटा, पोरीच्या वेण्या, तिचा डबा, शाळेच्या फाटकापर्यंत धरलेला तिचा हात. पारावरची आपली बोलणी आठवून त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि गेणूबद्दल माया दाटून आली.

"एकदाबी नाय," तो म्हणाला.

भागीबाईला उलगडा झाला नाही. त्यानं निकालाचा अंक उघडला. इंग्रजी येत नव्हतं, पण फोटो पुरेसा होता. पट्ट्यांच्या चड्डीवाला आडवा झाला होता. त्यानं अंक मिटला आणि भागीबाईकडं खळ मागितली.

दिवेलागणीला तो गेणूसमोर बसला. पैज तीच, पाण्याची. मात्र आठ दिवस थांबायचं नाही, गुलाबांना तेवढी सवड नाही.

"आणि या खेपेला पहिला मी," तो म्हणाला. पहिला अंक उघडून त्यानं पट्ट्यांच्या चड्डीवाल्यावर बोट ठेवलं. "हा माझा. याची डावी बघ, लय भारी हाय."

गेणू त्याच्या तोंडाकडं बघत राहिला. मग त्यानं खाकी पुडकं डाव्या हातात घेतलं आणि कडेवरून अंगठा फिरवला. खळ अजून ओलसर होती. चांगुणा चहाचे कप घेऊन दारातच थांबली.

गेणूनं पुडकं न फोडता उशाखाली सरकवलं.

"हरलास," तो म्हणाला. "पाण्याच्या मोटारीच्या पेटीची किल्ली खुंटीला हाय. खालच्या वाफ्यापासून सुरू कर."