घरच्यांना बोलावणं नसतं

देवळातल्या सकाळच्या मिस्सा-प्रार्थनेहून झेली परतली, तेव्हा समोरच्या दारात काळी शाल पांघरून फिलोमेन मावशी उभी होती. गावात कुणी गेलं की दारोदार सांगत फिरायचं काम तिचंच. समोरच्यांना ती सांगत होती,

"लेओकादी गेली हो पहाटे. शेवटच्या दव्वारला, निरोपाला या."

लेओकादी झेलीची भावजय. आईला पुरून आल्या दिवशी ती बोलून गेली होती, "आता या घरात तुमचं काय उरलंय?" तेव्हापासून झेलीनं भावाचा उंबरा ओलांडला नव्हता. शुक्रवारचा उपास, संध्याकाळची जपमाळ, काही चुकू दिलं नाही. तेवढं एक मात्र राहिलं.

आता तरी जाऊ, शेवटचं तोंड पाहू, म्हणून तिनं काळा झगा चढवला आणि बोलावण्याची वाट पाहत दाराशी बसली. मावशी लोहाराकडे गेली, कधी देवळाची पायरी न चढणाऱ्या गिरणीवाल्याकडेही गेली. झेलीच्या दारावरून मात्र मान खाली घालून पुढे निघून गेली.

दुपारी शेजारच्या सेलिननं कुंपणावरून हाक मारली, "चल की गं!"

"मला बोलावणं नाही."

"मग मेलेल्या बाईनं उठून यावं की काय बोलवायला?"

"गिरणीवाल्याला बोलावतात, मला नाही. परक्याहून परकी केली मला."

लहानपणी म्हाताऱ्या पाद्रीबाबांनी दव्वारचा अर्थ सांगितला होता. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ 'देणं लागणं' असा. पुढे राजदरबारातल्या लोकांनी त्याचं लवून मुजरा करणं केलं, भेटीगाठीची रीत केली. आणि आपल्या नॉर्मंडीच्या खेड्यात तो मुख्यतः मेलेल्या माणसापुरता उरला: उशाशी जायचं, तीर्थात डहाळी बुडवून शिंपडायचं, मग ती मागच्याच्या हाती द्यायची. झेलीला त्यातला मान तेवढा लक्षात राहिला होता.

रात्र तशीच गेली. दुसऱ्या दिवशी घंटा वाजू लागली तशी ती उठलीच. सफरचंदाच्या बागेपाशी मावशी भेटली.

"मला का वगळलंस, मावशी?"

"वगळलं? अगं, मी विचारलं आंतिमला, झेलीकडे जाऊ ना म्हणून. अंगावरच आला तुझा भाऊ! म्हणाला, 'घरच्यांना कधी बोलावणं धाडतात का? सख्खी बहीण आहे माझी, आपणहून येईल.' उशाशी खुर्ची ठेवलीय तुझी. कुणाला बसू देत नाही."

झेली धावली. या वयात, भर रस्त्यातून, झगा उचलून धावली.

खोलीत आंतिम एकटाच होता. खुर्ची रिकामी होती. पेटीवर झाकण बसलं होतं, खिळे ठोकून झाले होते.

"थांबलो होतो गं, ताई," तो म्हणाला. "चेहऱ्यावर चादर ओढायची ती नणंदेनं. सुताराला किती थोपवणार?"

"मला वाटलं..."

"तिलाही वाटायचं, तू येशील. शेवटी शेवटी दाराकडेच बघत होती."

बाहेर माणसं खांदा द्यायला उभी होती. झेलीनं डहाळी बुडवली आणि लाकडावर शिंपडली. थेंब लाकडात मुरले नाहीत, घरंगळून खाली गेले.

डहाळी मागच्याला द्यायची म्हणून ती वळली. मागे कुणीच नव्हतं.