हरभऱ्याएवढा पिवळा दिवा

माझ्या डॅशबोर्डच्या उजव्या कोपऱ्यात हरभऱ्याच्या दाण्याएवढा एक पिवळा दिवा आहे. पहिली सहा वर्षं तो इंजिन सुरू करताना दोन सेकंद लागायचा आणि विझायचा. नंतरच्या तीन वर्षांत तो चार वेळा लागला आणि विझलाच नाही. मी सांगणार आहे ती गोष्ट चौथ्या वेळची.

मित्रांनो, मी एक जुना पिकअप ट्रक आहे, डिझेलवर चालणारा. माझ्या मालकांचा फरशीचा धंदा. सगळी गल्ली त्यांना अण्णा म्हणते. त्यांनी मला आणलं त्याच आठवड्यात शेजारच्या बेकरीवाल्यानेही पिकअप घेतला. बाहेरून आम्ही जुळे भाऊ, पण तो पेट्रोलचा. त्याच्या इंजिनात हवा आणि पेट्रोल एकत्र येतात आणि ठिणगीने पेटतात. माझ्यात ठिणगी पडतच नाही. मी नुसती हवा घेतो आणि ती इतकी दाबतो की ती प्रचंड तापते. मग तिच्यात डिझेलचा बारीक फवारा उडाला की तो आपोआप पेट घेतो. म्हणून तो झटकन तापतो, चार गल्ल्यांत पाव वाटून परत येतो आणि ताजातवाना असतो. मला तापायला वेळ लागतो, मी जरा खडखडतो, पण पाठीवर ओझं असलं की सावकाश का होईना, चढ सोडत नाही. यात थोर कोणी नाही. कामं वेगळी आहेत.

माझं काम खाणीचं होतं. शंभर किलोमीटर जायचं, मध्ये एक घाट, आणि परतताना लाकडी घोडीला टेकवून उभ्या केलेल्या लाद्या. घाट संपला की अण्णा स्टिअरिंगवर थाप मारून म्हणायचे, "शाबास रे गड्या!" ती थाप मला अजून आठवते.

मग एकदा खाणीवर लादी सरकली आणि अण्णांचा गुडघा तिच्याखाली सापडला. त्या दिवसापासून माझी खाणीची फेरी बंद. लाद्या भाड्याच्या ट्रकमधून येऊ लागल्या, कोपरे उडालेल्या. माझ्या वाट्याला आलं सिमेंटचं एखादं पोतं आणि दोन किलोमीटरची फेरी.

अण्णांनी मला टाकून दिलं, असं समजू नका. उलट माझे लाडच वाढले. अंगावर ताडपत्री, आठवड्याला धुणं, आणि रोज सकाळी जागच्या जागी अर्धा तास इंजिन चालू. "जीव राहिला पाहिजे गाडीत," ते म्हणायचे. पण डिझेल जळताना काजळी होते. ती अडवायला माझ्या धुराच्या नळीत एक गाळणी आहे; ती तुंबली की तो पिवळा दिवा लागतो. लांब पल्ल्याला नळी खूप तापते आणि साठलेली काजळी जळून जाते. उभ्या उभ्या ती तेवढी तापत नाही. त्या मायेच्या अर्ध्या तासात मी रोज थोडा थोडा गुदमरत होतो.

अण्णांच्या मुलीकडे चार वर्षांपासून लायसन्स आहे. गल्लीतल्या फेऱ्या तीच करते. तिने कितीदा तरी विचारलं, "अण्णा, खाणीवर मी जाऊ?"

"बघू."

"त्या तुमच्या 'बघू'ला आता दाढीमिश्या फुटल्या असतील," आतून तिची आई म्हणायची.

चौथ्यांदा दिवा लागला तेव्हा गॅरेजच्या मिस्त्रीने माझी नळी गाळणीपाशी उघडून आत बोट फिरवलं आणि ते काळंकुट्ट बोट अण्णांसमोर धरलं. "अण्णा, तुम्ही या गाडीचे लाड करताय की गळा दाबताय?"

"रोज चालू करतो की!"

"तेच नका करू. गल्लीतच फिरायचं असेल, तर ही विका आणि बेकरीवाल्यासारखी पेट्रोलची घ्या. नाहीतर हिला हिचं काम द्या. गाळणी दोनदा धुतली, एकदा बदलली. आता काय ते रविवारपर्यंत ठरवा, माझ्याकडे एक गिऱ्हाईक आहे."

मुलीने विचारलं, "दिवा स्थिर आहे, लुकलुकत नाही. म्हणजे अजून वेळ आहे ना, काका?"

"आहे. हायवेला काढ. एका वेगात चाळीस मिनिटं, मध्ये थांबायचं नाही."

शनिवारी सकाळी ती माझ्या स्टिअरिंगवर बसली. अण्णा काठी सावरत शेजारी चढले, "मी आहे बरोबर" म्हणत. हायवेला लागल्यावर तिने वेग धरला आणि काटा हलू दिला नाही. अण्णांचा उजवा पाय मात्र नसलेला ब्रेक दाबत होता.

"अण्णा, तुमच्या बाजूला ब्रेक नाहीये."

"माहितेय. तू पुढे बघ."

मित्रांनो, किती दिवसांनी माझी नळी तशी तापली! आत साठलेली काजळी पेटू लागली. मीही ठरवलं होतं, आज माघार नाही. तेहतिसाव्या मिनिटाला पिवळा दिवा विझला. तिने पाहिला, पण चाळीस मिनिटं पूर्ण होईपर्यंत वेग कमी केला नाही.

तुमच्याही घरात एखादं यंत्र ताडपत्रीखाली जपून ठेवलेलं असेल. त्याला पुसा, तेलपाणी करा. पण ते कशासाठी बनलंय हेही एकदा विचारा, आणि ते काम त्याला करू द्या. मला याहून जास्त काही मागायचं नाही.

समोर घाटाचा फाटा आला. तिने मला कडेला घेतलं. "चाळीस झाली. वळवू?"

अण्णांनी विझलेल्या दिव्याकडे पाहिलं, मग तिच्या हातांकडे. माझं इंजिन चालूच होतं. त्यांनी स्टिअरिंगवर एक थाप मारली.

"वळवायचं कशाला? घाट चढ. आजपासून खाणीची फेरी तुझी."